लिनक्स एक, डिस्ट्रो अनेक : तुलना नेमकी कशाची करायची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. तिच्या पुढची विंडोज ११ घालायची तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. शाळांच्या संगणक कक्षातील पुष्कळशी यंत्रे त्याहून जुनी आहेत. ती बंद पडलेली नाहीत. पडदा उजळतो, कळफलक चालतो, प्रश्नपत्रिका छापून निघते. फक्त आतल्या प्रणालीत सापडणारी भोके आता कोणी आपणहून बुजवणार नाही. अशा वेळी शिक्षक-कक्षात कोणीतरी सुचवते, ‘लिनक्स टाकून बघू.’ त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो : कोणते लिनक्स?

या दुसऱ्या प्रश्नाची जी उत्तरे सर्रास दिली जातात, त्यांचा परामर्श आम्ही येथे घेणार आहोत. कारण ती बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीची तुलना करतात असे आमचे मत आहे. उबुंटू नवशिक्यांसाठी, मिंट विंडोजसारखे दिसते म्हणून सोपे, डेबियन जाणकारांसाठी, फेडोरा हौशी लोकांसाठी, आर्च धाडसी लोकांसाठी : असे तक्ते आपण पाहिले असतील. प्रत्येक नावासमोर पडद्याचे एक चित्र असते. एक नारिंगी, एक हिरवे, एक निळे. वाचक बिचारा रंग निवडतो आणि आपण प्रणाली निवडली असे समजतो.

लातूर-उदगीरकडील वाचकांना डाळमिलचे उदाहरण पटकन पटेल. आडतीवर येणारी तूर सगळ्या मिलना सारखीच खुली असते. त्यातली कोणती घ्यायची, किती चाळायची, पॉलिश करायची की नाही, हे प्रत्येक मिल आपापले ठरवते आणि आपल्या छापाच्या पोत्यात भरते. लिनक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचे असेच आहे. सामान्य तक्ते आपल्याला पोत्यावरचा छाप दाखवतात. मात्र हा दाखला एका ठिकाणी तोकडा पडतो, आणि नेमकी तीच जागा महत्त्वाची आहे. पोते विकले की मिलचे काम संपते. लिनक्सची आवृत्ती बांधणाऱ्यांचे खरे काम पोते आपल्या घरी आल्यावर सुरू होते.

थोडे मुळाशी जाऊ. काटेकोरपणे बोलायचे तर लिनक्स म्हणजे केवळ गाभा, म्हणजे कर्नेल. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने त्याची पहिली जाहीर वार्ता २५ ऑगस्ट १९९१ रोजी दिली. स्मृती कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, डिस्कशी आणि छपाईयंत्राशी कसे बोलायचे, ही कामे गाभा करतो. पण नुसत्या गाभ्यावर एक पत्रही लिहिता येत नाही. आज्ञा घेणारा कार्यक्रम हवा, फायली हाताळणारी साधने हवीत (यांतली बरीचशी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली), खिडक्या आणि बटणे रंगवणारा भाग हवा, ब्राउझर हवा, लिबरऑफिस हवे. हे हजारो तुकडे जगभरच्या वेगवेगळ्या गटांनी लिहिलेले असतात आणि प्रत्येकाचा सुधारणेचा वेग निराळा असतो. ते निवडणे, एकमेकांशी जुळवणे, तपासणे आणि पुढे सांभाळत राहणे या उद्योगाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. बोलण्यात नुसते डिस्ट्रो. मराठीत ‘वितरण’ म्हणता आले असते, पण तो शब्द ऐकला की आपल्याकडे प्रथम विजेचे बिल आठवते. म्हणून डिस्ट्रोच बरा.

डिस्ट्रोंमधील पहिला मोठा फरक कशातून जन्मला, हेही पाहण्यासारखे आहे. १९९२ मध्ये एसएलएस नावाचा एक जुळवलेला संच निघाला. तो उपयोगी होता, पण त्याची जुळणी ढिली होती. त्या ढिलाईने वैतागून पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर काढले आणि पुढच्याच महिन्यात इयन मरडॉक यांनी डेबियनची घोषणा केली. म्हणजे भांडण दिसण्याचे नव्हतेच. जुळणी कोण आणि किती काळजीने करणार, याचे ते होते. (भारतात अनेकांना लिनक्स पहिल्यांदा भेटले ते १९९६ पासून ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत वाटलेल्या सीडीवर. त्या पिढीतील कोणाशी बोललात तर ती सीडी घालताना किती रात्री गेल्या, हे ते हौसेने सांगतील.)

पडद्याच्या रूपाबद्दल एकदाच सांगून पुढे जाऊ. नोम, केडीई, एक्सएफसीई, मेट, सिनॅमन ही पडद्याची रूपे आहेत, डिस्ट्रो नव्हेत. बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंवर यांतले कोणतेही घालता येते. जुन्या यंत्रावर एक्सएफसीईसारखे हलके रूप घ्यावे. रूपाबद्दल शिक्षकाला इतके पुरे आहे.

आता खरा फरक. डिस्ट्रोतील प्रत्येक तुकडा एका पॅकेजमध्ये बांधलेला असतो. त्या पॅकेजवर ‘मला चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे लागतात’ याची नोंद असते. डेबियन कुळात हे काम ॲप्ट नावाचा कार्यक्रम सांभाळतो, फेडोरा कुळात डीएनएफ. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशी ६९,८३० पॅकेजे आहेत. या साठ्यात नवा माल केव्हा घ्यायचा, याबाबत डिस्ट्रोंची धोरणे टोकाची वेगळी आहेत. आर्चसारख्या डिस्ट्रोत मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की थोड्याच दिवसांत ती तुमच्या यंत्रावर येते. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिने सांभाळते. डेबियनची स्थिर शाखा साधारण दोन वर्षांनी एकदा निघते. तिला तीन वर्षे नियमित आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार मिळतो. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते व पाच वर्षे सांभाळली जाते. मिंट तिच्यावरच बांधलेले असल्याने त्याचाही काळ तोच.

या धोरणांनी प्रत्यक्षात काय फरक पडतो, याचे मार्च २०२४ मधील प्रकरणाइतके बोलके उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही. एक्सझेड नावाचे, फायली दाबून लहान करणारे एक छोटे साधन आहे. ते जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते आणि कोणाचे त्याच्याकडे लक्ष नसते. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन-तीन वर्षे मदतनीस म्हणून विश्वास मिळवला आणि त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा लपवला. दुरून संगणकात शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएच या सेवेतून तो उघडणार होता. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघडकीला आणला. त्याच्या लक्षात आले होते ते एवढेच की एसएसएचला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे!

आता पाहा. मूळ तूर सगळ्यांसाठी तीच होती. पण डेबियनच्या स्थिर शाखेत ती दूषित आवृत्ती पोचलेलीच नव्हती, कारण तिथे माल गोठवलेला होता. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्याही सुटल्या. डेबियनच्या चाचणीच्या आणि अस्थिर शाखांत मात्र ती शिरली होती, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीतही शिरली होती. आर्चमध्ये तर ती वाटलीही गेली होती, पण तिथे चोरदरवाजा चालणारच नव्हता. याचे कारण जुळणीत आहे. डेबियन आणि फेडोरा आपल्या एसएसएचला सिस्टिमडी या व्यवस्थेशी बोलण्यासाठी एक जोड देतात आणि त्या जोडातून एक्सझेडचा भाग एसएसएचमध्ये येतो. आर्च तो जोड देत नाही. एकाच कार्यक्रमाची तीन ठिकाणी तीन वेगळी नशिबे! वर्गात ‘डिस्ट्रोंमध्ये फरक काय?’ असे कोणी विचारले तर हे प्रकरण फळ्यावर मांडावे. रंगीत चित्रांच्या दहा तक्त्यांपेक्षा ते अधिक शिकवते.

यावरून ‘सावकाश चालणारे शहाणे आणि घाई करणारे मूर्ख’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. फ्रॉइंडला तो अर्धा सेकंद दिसला तो डेबियनच्या अस्थिर शाखेवर काम करताना. पुढे धावणाऱ्यांनी ठेच खाल्ली म्हणून मागच्यांना खड्डा कळला. दोन्ही वेगांची गरज आहे. शाळेला कोणता वेग झेपतो एवढाच आपला प्रश्न.

‘स्थिर’ या शब्दाचाही फार घोटाळा होतो. स्थिर म्हणजे कधी न अडकणारे, असा त्याचा अर्थ लावतात. डिस्ट्रोच्या भाषेत स्थिर म्हणजे न बदलणारे. आवृत्ती निघताना जे क्रमांक ठरले ते ठरले. पुढे फक्त दुरुस्त्या येतात. त्या दुरुस्त्याही नवी आवृत्ती न घेता जुन्या आवृत्तीतच शिवल्या जातात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा-साधनात हार्टब्लीड नावाचे मोठे भोक सापडले. मूळ लेखकांनी ते १.०.१जी या आवृत्तीत बुजवले. डेबियनने मात्र आपली १.०.१ई हीच आवृत्ती ठेवली आणि तेवढे भोक तिच्यात शिवून दिले. नुसता क्रमांक पाहणाऱ्याला वाटावे की हे लोक जुने, धोक्याचे सामान वापरतात! जुन्या क्रमांकावरून डेबियनला नावे ठेवणारी टीका आम्ही अनेकदा वाचतो. ती या शिवणकामाची दखलच घेत नाही.

शाळेच्या दृष्टीने न बदलणे हा दोष नसून मोठा गुण आहे. पाठ्यपुस्तकातील पडद्याचे चित्र वर्षानुवर्षे तेच राहते. जूनमध्ये शिकवलेले बटण फेब्रुवारीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्याच जागी सापडले पाहिजे.

आणि बदल कोण ठरवतो? हा मुद्दा तक्त्यांत कधीच नसतो. डेबियन कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. १९९७ मध्ये तिने आपला सामाजिक करारनामा लिहून काढला आणि तिचा प्रमुख दरवर्षी सभासदांच्या मतदानाने निवडला जातो. वादविवाद फार होतात, निर्णय रेंगाळतात, हे खरे. उबुंटूमागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे. तिने २००४ पासून लिनक्स सामान्य माणसापर्यंत नेले, मोफत सीडी टपालाने पाठवल्या. हे ऋण मान्य करायलाच हवे. पण २०११ मध्ये तिने युनिटी हे नवे पडद्याचे रूप सर्वांना दिले आणि २०१७ मध्ये ते सोडून दिले. ज्यांनी युनिटीवर धडे तयार केले त्यांना कोणी विचारले नाही. याहून जड उदाहरण सेंटओएसचे. रेड हॅटच्या विकत मिळणाऱ्या प्रणालीची ती मोफत प्रतिकृती होती आणि कितीतरी संस्थांचे सर्व्हर तिच्यावर चालत. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे सांगितले होते. डिसेंबर २०२० मध्ये तो काळ ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत कापला गेला. अनेकांना वर्षभरात स्थलांतर करावे लागले. आधाराची तारीख हे वचन असते. ते वचन कोण देतो आहे आणि त्याला ते कोण पाळायला लावू शकते, हे डिस्ट्रो घेताना विचारावे.

आपल्या देशातील डिस्ट्रोंकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातून २००७ मध्ये बॉस ही डिस्ट्रो आली आणि शाळांसाठी तिची एज्युबॉस ही शाखा निघाली. ती डेबियनवर बांधलेली आहे. भारतीय भाषांची सोय आयती मिळणे आणि मागे सरकारी संस्था असणे हे तिचे बळ. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपत आला तेव्हा तामिळनाडू सरकारने आपल्या खात्यांना बॉसकडे वळण्याची सूचना केली होती. पुढे २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय माया नावाची, उबुंटूवर आधारलेली प्रणाली आपल्या संगणकांवर आणत असल्याचे वृत्त आले. ‘स्वदेशी’ हा शब्द दोन्हींच्या वेळी जोरात वापरला गेला. आमचा त्या शब्दाला विरोध नाही; पण तो पोत्यावरचा छाप आहे. साध्या वाचकाने विचारायचे ते असे : मूळ डेबियनमध्ये आज दुरुस्ती निघाली तर ती या मधल्या हातातून माझ्या यंत्रावर किती दिवसांनी पोचते? मधला हात थकला तर काय? कोणत्याही उपडिस्ट्रोचे आयुष्य मधला हात किती काळ चालता राहतो त्यावर असते.

मधला हात नेटाने चालता राहिल्याचे उदाहरण केरळात आहे. २००१ मध्ये तिथे आयटी ॲट स्कूल हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. पुढे २०१७ मध्ये त्याची काइट ही कंपनी झाली. त्यांची शालेय डिस्ट्रो आधी डेबियनवर, नंतर उबुंटूवर बांधली गेली आणि २०२४ मध्येही तिची नवी आवृत्ती निघाली. पाया बदलला तरी काम का मोडले नाही? पाठ्यपुस्तक, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि परीक्षा ही तिन्ही त्याच संचावर आधारलेली होती. मल्याळी शिक्षकाला डेबियन-उबुंटू वाद ठाऊक असो वा नसो, पुस्तकातील धडा पडद्यावर सापडतो.

महाराष्ट्रात तसे झाले नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणकाची ओळख करून दिली, पण ती विंडोजची ओळख होती. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पाची यंत्रे आली. त्यांत फेडोराची छाटलेली आवृत्ती होती, वर शुगर नावाचे मुलांसाठीचे रूप. शुगरची कल्पना सुंदर होती. पण तेरा महिन्यांत म्हातारी होणारी डिस्ट्रो पाच वर्षे चालवायच्या यंत्रात घालणे आम्हाला तेव्हाही धाडसाचे वाटले असते. अलीकडे अकरावी वाणिज्यच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात हिशेबासाठी ग्नूखाता हे मुक्त सॉफ्टवेअर आले, ही चांगली सुरुवात आहे. तरी केरळसारखा एकच संच, एकच पुस्तक असे राज्यात नाही. निवड शाळेच्या गळ्यात आहे.

मराठीसाठी कोणती डिस्ट्रो चांगली, असेही विचारले जाते. येथे फरक जवळजवळ नाही. युनिकोड, इनस्क्रिप्टचा कळफलक, रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित हा टंक, लिबरऑफिसचा मराठी मेनू, हे सगळे सामायिक साठ्यात आहे आणि सर्व मोठ्या डिस्ट्रोंना मिळते. एखाद्या कार्यक्रमाचे मराठी भाषांतर अपुरे असेल तर ते सगळीकडेच अपुरे असते. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव टंकातील प्रश्नपत्रिका उघडल्यावर अक्षरांची खिचडी दिसते. ती तर विंडोजमध्येही तो टंक नसेल तर दिसतेच. यूडायस प्लस किंवा सरलचे काम ब्राउझरमधून होते. छपाईयंत्र मात्र आधी लावून पाहावे, कारण नेमके ते शाळेला अडवते.

आता समजा, शिरूर अनंतपाळमधील एखाद्या शाळेत दहा जुनी यंत्रे आहेत. प्रत्येकी ४ जीबी स्मृती, इंटरनेट कोणाच्या तरी मोबाइलवरून, वीज येऊन-जाऊन, आणि संगणक शिकवणारे सर गणितही शिकवतात. काही बिघडले तर माणूस निलंग्याहून किंवा लातूरहून यायचा. अशा कक्षात आर्च नको : दर आठवड्याचा मोठा उतारा दहा यंत्रांवर घेणे मोबाइलच्या इंटरनेटला झेपणार नाही, आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट बसलेली पॅकेजे सावरायला जाणता माणूस लागतो. त्याच कारणाने फेडोराही नको. आमचे मत डेबियनच्या स्थिर शाखेला, एक्सएफसीई रूपासह. शिक्षक अगदीच नवखे असतील तर मिंटचे एक्सएफसीई रूप घ्यावे. त्याच्या रंगासाठी नव्हे, तर पाच वर्षांच्या आधारासाठी आणि छपाईयंत्रासारख्या गोष्टी तिथे कमी खटपटीत लागतात म्हणून. बॉस घ्यायची तर तिच्या शेवटच्या दुरुस्तीची तारीख आधी पाहावी. यंत्र फारच जुने, ३२ बिटांचे असेल तर सावध : डेबियन १३ ने अशा यंत्रांवर नव्याने बसण्याची सोय बंद केली आहे, उबुंटूने ती कधीच सोडली. तिथे तूर्त डेबियन १२ चालेल.

दहाही यंत्रांवर एकच डिस्ट्रो असावी, हे वेगळे सांगायला नको. त्यांतले एक यंत्र पॅकेजांचा साठा करणारे ठेवता येते. दुरुस्ती बाहेरून एकदाच उतरते आणि बाकीची नऊ यंत्रे ती शाळेतल्या शाळेत घेतात. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी निवेदनातील छोटे पाठ आहेत. इंटरनेट असेल त्या दिवशी उतरवून ठेवावेत.

नववी-दहावीच्या मुलांना एक काम देता येईल. प्रत्येक लिनक्स यंत्रात ‘इटीसी’ या फोल्डरात ‘ओएस-रिलीज’ नावाची लहानशी मजकुराची फाइल असते. ती उघडायला लावावी. मिंटच्या यंत्रावर तिच्यात उबुंटू आणि डेबियन ही पूर्वजांची नावे सापडतात. डेबियनवर पूर्वजाची ओळच नसते. मग वहीत तीन रकाने आखावेत : यंत्राची डिस्ट्रो, तिचा आधार संपण्याची तारीख, आणि या महिन्यात आलेल्या दुरुस्त्यांची संख्या. तिसरा रकाना दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भरायचा. दोन महिने तिथे शून्य आले तर मुलांनी सरांना विचारायचे, आणि सरांनी साठ्याचे यंत्र चालू आहे का ते आधी पाहायचे.